बेल्वेडेरे बघण्याचा माझा क्रम

व्हिएन्नाचा बेल्वेडेरे, म्हणजे राजवाड्यातलं कलासंग्रहालय, मी ठरलेल्या एकाच क्रमाने बघतो. तो इथे सविस्तर देतोय, कारण बरेच जण ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टच्या एका चित्रापुढे फोटो काढून बाहेर पडतात आणि ज्या वास्तूत ते चित्र टांगलंय ती वास्तू बघायचीच राहते.

आधी तिकीट. बेल्वेडेरे म्हणजे एक राजवाडा नव्हे, दोन. चढावर वरचा, पायथ्याशी खालचा, मध्ये लांबलचक बाग. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत, एकत्र तिकीटही मिळतं. क्लिम्टचं ‘चुंबन’ वरच्या राजवाड्यात आहे. खालचं तिकीट काढून फसणारे दर वेळी दिसतात. वरच्या राजवाड्याच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. सकाळी ९ चा, म्हणजे अगदी पहिला स्लॉट घ्या. पाठीवरची सॅक आत नेता येत नाही, ती जमा करण्यात वेळ जातो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. बागेला तिकीट नाही.

ट्रामच्या थांब्यांची नावं सारखी असल्याने घोळ होतो. वरच्या राजवाड्यासाठी ‘डी’ ट्रामने ‘श्लॉस बेल्वेडेरे’ला उतरायचं. खालच्यासाठी ७१ नंबर, थांबा ‘उंटेरेस बेल्वेडेरे’. ‘क्वार्टिअर बेल्वेडेरे’ हे रेल्वेचं स्टेशन वरच्या राजवाड्याच्याही दक्षिणेला आहे; तिथे उतरून खालचा राजवाडा गाठायचा तर अख्खी बाग तुडवावी लागते.

दारातून आत गेलं की बाकी सगळं सोडून थेट पहिल्या मजल्यावर जावं. पहिल्या तासात ‘चुंबन’पुढे माणसं तुरळक असतात, नंतर तिथे नुसते हात आणि मोबाइल. चित्र चौरस आहे, १८० बाय १८० सेंटिमीटर. आधी लांबून सोनं बघा, मग जवळ जाऊन त्या बाईची पावलं. ती फुलांच्या गालिच्याच्या अगदी कडेवर गुडघे टेकून आहे, पायाची बोटं कडेला रुतवलेली, आणि पुढे काहीच नाही. पुरुषाच्या वस्त्रावर काळे-पांढरे उभे चौकोन, तिच्या वस्त्रावर रंगीत गोल. छापील प्रतीत हा फरक निम्मा हरवतो. १९०८ च्या प्रदर्शनात हे चित्र मांडलं तेव्हा ते पुरतं झालंही नव्हतं, तरी सरकारने तिथूनच ते विकत घेतलं. जवळच क्लिम्टची ‘युडिथ’ आणि चित्रकार एगॉन शीलेची चित्रं आहेत. शिल्पकार मेसरश्मिटचे वेडीवाकडी तोंडं केलेले मुखवट्यासारखे पुतळेही चुकवू नका.

गर्दी वाढू लागली की चित्रं सोडून वास्तूकडे वळायचं. हा राजवाडा बांधला सावॉयच्या युजीनने. हा ऑस्ट्रियाचा सेनापती, तुर्कांविरुद्धच्या लढायांनी नावारूपाला आलेला. ही जमीन त्याने १६९७ मध्ये घेतली. वास्तुकार हिल्डेब्रांट आधी लष्करी अभियंता होता, युजीनच्याच मोहिमेत. खालचा राजवाडा १७१६ पर्यंत झाला, वरचा १७२३ पर्यंत. खालचा राहण्याचा, वरचा मिरवण्याचा.

तळमजल्यावरच्या साला टेरेना या दालनात मी सर्वात जास्त वेळ देतो. चार धिप्पाड पुरुष मान खाली घालून खांद्यावर छत तोलून उभे आहेत. ही शोभा मूळच्या आराखड्यात नव्हतीच. बांधकामातल्या दोषामुळे हे छत कोसळायच्या बेतात आलं होतं, म्हणून १७३२-३३ च्या हिवाळ्यात हिल्डेब्रांटला खाली कमानदार छत आणि त्याला आधार म्हणून हे चार खांब घालावे लागले. डागडुजी करावी तर अशी! त्यांच्या पाठीमागे जाऊन बघा. ताणलेले स्नायू मागूनही तितक्याच मेहनतीने घडवलेत.

वरचं संगमरवरी दालन दोन मजले उंच. छतावरचं चित्र कार्लोनेचं. इथेच १५ मे १९५५ रोजी दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा ताबा असलेल्या चार दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाच्या सार्वभौमत्वाचा करार केला. ‘ऑस्ट्रिया स्वतंत्र आहे’ हे परराष्ट्रमंत्री फिगल यांचं वाक्य सज्जातून उच्चारलं गेलं असा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात ते या दालनात उच्चारलं गेलं. सज्जातून त्यांनी जमावाला करार दाखवला. बातमीपटात सज्जाच्या दृश्यावर तो आवाज आला आणि गैरसमज रुजला.

राजवाड्याचं संग्रहालय झालं ते असं. युजीन १७३६ मध्ये गेला, मूलबाळ नव्हतं, वारस पुतणीने मालमत्ता विकायला काढली. १७५२ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने राजवाडे घेतले. पुढे शाही चित्रसंग्रह इथे आणला गेला आणि १७८१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. क्रिस्टियान फॉन मेशेलने चित्रं चित्रशैलीच्या घराण्यांप्रमाणे आणि काळाप्रमाणे लावली. आज आपल्याला नेहमीची वाटणारी ही मांडणी तेव्हा नवी होती. तो संग्रह १८९१ मध्ये रिंग रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेला. मग युवराज फ्रान्झ फर्डिनांड इथे राहिला, १९१४ मध्ये सारायेव्होत त्याची हत्या होईपर्यंत.

आता बाग. आखणी डोमिनिक जिरारची. रचना खालून वर चढत जाते: पायथ्याशी निसर्गाची तत्त्वं, मध्ये कलादेवतांचा पर्वत, माथ्यावर देवलोक. आपण उतरतो उलट्या दिशेने, म्हणून दर पायरीवर मागे वळून बघायचं. सर्वात वर उभं राहिलं की स्टेफान कॅथेड्रलचा मनोरा आणि पलीकडच्या टेकड्या दिसतात. चित्रकार बेलोट्टोने हाच देखावा रंगवलाय. वाट बारीक खडीची आहे, टाचांच्या चपला नकोत. हिवाळ्यात कारंजी बंद असतात. फोटोंसाठी येणाऱ्यांनी एप्रिलनंतरच यावं.

खालच्या राजवाड्यात दोन तास पुरे. तिथल्या संगमरवरी दालनात शिल्पकार डोनरने शिशाच्या मिश्रधातूत घडवलेल्या कारंज्याच्या मूळ मूर्ती आहेत. शहरातल्या नॉयर मार्क्टच्या चौकात दिसतात त्या ब्राँझच्या प्रती. शिसं मऊ, उघड्यावर टिकत नाही. आधी चौकातल्या प्रती बघून आलात तर मूळ मूर्तींच्या बोटांमधला आणि खांद्यांमधला नाजूकपणा लगेच कळतो. रेनवेग रस्त्यावर बाहेर पडलं की समोर ७१ नंबरची ट्राम.