हिवाळी नोंद : बोटे, मनगटे आणि खडकवासल्याचा रस्ता

सांधेदुखी आणि सायकल हा विषय निघाला की चर्चा गुडघ्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. माझा आजार आमवाताचा, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसचा आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि सूज बहुधा दोन्ही हातांच्या बोटांत, मनगटांत व पावलांच्या लहान सांध्यांत आधी दिसते. त्यामुळे पायांत दम शिल्लक असतो, पण ब्रेक दाबायला बोटे तयार नसतात आणि गिअर बदलायला अंगठा साथ देत नाही. दिवाळीनंतर मी सायकलीत आणि वेळापत्रकात केलेले बदल व त्यांचा परिणाम या नोंदीत लिहीत आहे. ज्यांचे हात दुखतात त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर मला फारसा सापडत नाही, म्हणून तपशील जरा जास्त देते.

आधी मोजमापाविषयी. किती किलोमीटर झाले हे मी लिहून ठेवते, परंतु राइड कशी झाली याचा निकाल त्यावर लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दोन्ही हातांच्या मुठी पूर्ण वळायला किती वेळ लागतो, हे माझे खरे माप आहे. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे या आजारात डॉक्टरही विचारतात, आणि घरी घड्याळ पाहून नोंदवता येईल अशी याहून सोपी गोष्ट नाही. राइडनंतर दोन तासांनी दुखणे निघण्यापूर्वीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी वेळ किंवा चढ कमी करायचा, हा फिजिओथेरपिस्टताईंनी सांगितलेला नियम मी त्याला जोडला आहे. या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कोणती राइड झेपली हे मनाची समजूत न घालता कळते. अंतर कमी असूनही खडबडीत रस्त्यामुळे सकाळ जड गेल्याचे आणि लांबची सपाट राइड सहज पचल्याचे या नोंदींतूनच मला दिसले.

सायकल चालवल्याने सांधे झिजतील ही भीती नातेवाइकांकडून अजूनही ऐकू येते, आणि ती मायेपोटी असल्यामुळे तिला उत्तर देणे अवघड जाते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते आणि सांधा हलला, त्यावर भार येऊन तो पुन्हा उतरला, तरच तो द्रव नीट खेळता राहतो. संधिवाताच्या तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने, म्हणजे युलारने, 2018 मध्ये दाहक संधिवात आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांच्या झिजेचा संधिवात) असलेल्यांसाठी व्यायामाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि शारीरिक हालचालीला उपचाराचाच भाग मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातही दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. सायकलीवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, म्हणून हे लक्ष्य चालण्यापेक्षा माझ्या पावलांना सोपे जाते.

आता ब्रेक. या हंगामात सर्वांत जास्त फरक इथे पडला. माझी सायकल हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलींच्या मधल्या प्रकारची आहे. तिच्या फ्रेमवर डिस्क ब्रेकची (चाकाच्या मध्यावरील चकती पकडणाऱ्या ब्रेकची) सोय नाही, त्यामुळे तेलाच्या दाबावर चालणारे हलके डिस्क ब्रेक बसवणे शक्य नव्हते. नवी सायकल घेणाऱ्या आणि बोटे दुखणाऱ्या प्रत्येकाने मात्र अशा हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचाच आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्ही-ब्रेक, म्हणजे केबलने ओढले जाऊन रिमला चिमटणारे ब्रेक, ठेवूनच जे करता येईल ते करायचे ठरले. पावसाळ्यात केबलला आतून गंज धरतो आणि ब्रेकचा लिव्हर (हँडलवरची दांडी) दाबण्याचा बराच जोर त्या घर्षणावर खर्च होतो. आमचे सायकलवाले काका म्हणाले, "ताई, नुसती वायर बदलून भागणार नाही, आउटरसकट टाका." त्यांनी नव्या आउटरची, म्हणजे वायरीवरच्या नळीची, टोके सपाट घासून घेतली आणि वळणे मोठी व सैल ठेवली, तेव्हा लिव्हर इतका हलका झाला की पहिल्या उतारावर मला अंदाज पुन्हा घ्यावा लागला.

त्यानंतर लिव्हरची जागा बदलली. लिव्हर हँडलवर थोडे आत, म्हणजे मध्याकडे सरकवले, की बोट लिव्हरच्या टोकाशी पडते आणि तेवढ्याच दाबाला जास्त तरफ मिळते. लिव्हरजवळच्या छोट्या स्क्रूने तो हँडलच्या जवळ आणता येतो. ज्यांची बोटे पूर्ण उघडत नाहीत त्यांच्यासाठी हा स्क्रू फार मोलाचा आहे. लिव्हरचा कोन असा ठेवला की हात, मनगट आणि बोट एका रेषेत येतात. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, आणि थांबण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर सरकतो. माझे उजवे मनगट डाव्यापेक्षा अधिक खराब असल्याने केबलींची अदलाबदल करून पुढचा ब्रेक डाव्या हाताला घेतला. ही सायकल दुसऱ्या कोणाला देताना मात्र ते आठवणीने सांगावेच लागते, आणि सवय होईपर्यंत रहदारीच्या रस्त्यावर न जाणे बरे.

गिअरच्या बाबतीत डाव्या अंगठ्याचे दुखणे मुळातूनच काढून टाकता आले. पुढच्या तीन चेनरिंगांवर (पॅडलजवळच्या दातेरी चक्रांवर) साखळी हलवण्यासाठी डाव्या शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलण्याच्या खटक्याला, बराच जोर द्यावा लागत असे. आता पुढे 34 दात्यांची एकच चेनरिंग आहे आणि मागे 11 ते 42 दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), त्यामुळे डावा शिफ्टर काढूनच टाकला. यासाठी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब केजचा, म्हणजे लांब दांड्याचा लागतो, तेवढा खर्च धरून चालावे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 1.75 मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला 80 फेऱ्या ठेवल्या तरी वेग ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास राहतो. कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ मी आता याच लयीत चढते. तेवढ्याच वेगासाठी फेऱ्या कमी केल्या तर प्रत्येक फेरीत जोर वाढतो, तो गुडघ्यावर येतो आणि नकळत हातांनी हँडल ओढले जाते. हाताच्या सांध्यांसाठीही हलका गिअर का हवा, हे मला त्या चढावर नीट उमगले.

टायर 32 मिलिमीटरवरून 38 वर नेले आणि हवेचा दाब 70 पीएसआयवरून 45 वर आणला. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच हवा ठेवावी आणि फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी पाहावे. पुण्यात सायकल चालवणाऱ्याला खड्ड्यांची सवय असते, पण मनगटांचा खरा छळ करतात ते रंबलरचे, म्हणजे रस्त्यावर ओळीने आखलेले उंचवट्याचे, पट्टे आणि सोसायट्यांसमोरचे अरुंद, उभे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा असे आहे. तशा आकाराचा गतिरोधक सायकलीला सौम्यपणे उचलून खाली ठेवतो. गल्लीतले गतिरोधक त्याच्या पाव रुंदीचेही नसतात. रुंद टायर, तळव्याला आधार देणारी पसरट ग्रिप आणि थोडे वर उचललेले हँडल या तिन्हींमुळे धक्का कमी झाला, तरी रंबलर दिसला की मी आधीच वेग उतरवते आणि कोपर सैल सोडते.

खडकवासल्याचा रस्ता या हंगामाचे उद्दिष्ट होता. मी वारज्यातून शिवण्याला जाते, तिथल्या पुलावरून पुण्याजवळच्याच नांदेड गावाकडे वळते आणि किरकटवाडी फाट्यावरून धरण गाठते. जाऊन-येऊन साधारण 30 किलोमीटर होतात. धरणातून विसर्ग वाढला की शिवण्याचा पूल पाण्याखाली जात आलेला आहे, म्हणून हा मार्ग मी कोरड्या महिन्यांसाठीच ठेवला. डिसेंबरच्या मध्यापासून ही राइड दुसऱ्या दिवसाची सकाळ न बिघडवता पार पडू लागली आहे, आणि याचे समाधान शब्दांत पूर्ण मांडता येणार नाही. धरणाच्या भिंतीजवळ थांबले की मी हातमोजे काढून बोटे उघडझाप करते आणि मनगटे फिरवते, मगच भाजलेल्या कणसाकडे वळते.

वेळेबाबत मात्र मला आपल्या सर्व सायकल गटांना विनंती करायची आहे. पुण्यातील राइड बहुधा पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतात, आणि रहदारी व ऊन पाहता ते योग्यही आहे. आमवाताच्या रुग्णासाठी पहाट हीच दिवसाची सर्वांत कठीण वेळ असते. जानेवारीच्या थंडीत उठल्यावर कोमट पाण्यात हात धरून, हळूहळू बोटे मोकळी करून मी साडेआठच्या आधी घराबाहेर पडूच शकत नाही. महिन्यातून एखादी राइड उशिरा ठेवली तर माझ्यासारखे अनेक जण येतील, असा मला विश्वास वाटतो. गटात चालवण्याचा आनंद औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, पण तो नियमितपणा टिकवतो.

आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मला ग्लानी येते, त्यामुळे तो दिवस विश्रांतीचाच धरते. आजार उफाळून सांधे गरम आणि सुजलेले असतील तेव्हा रस्त्यावर जात नाही. घरातल्या स्थिर सायकलवर ताठ बसून, हात मांड्यांवर ठेवून, अगदी कमी भारावर थोडा वेळ पाय फिरवते. औषधांतील बदल मात्र डॉक्टरांवरच सोपवावेत, राइडसाठी गोळी मागेपुढे करू नये.

पुढचे काम क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यावर बसते त्या दांड्याचे आहे. सध्याची लांबी 170 मिलिमीटर आहे, ती 165 करायची आहे. सीट 5 मिलिमीटरने उंच करावी लागेल आणि पॅडल वरच्या टोकाला 5 मिलिमीटरने खाली राहील, म्हणजे गुडघा व नितंब यांना वाकताना एकूण 10 मिलिमीटरची सवलत मिळेल. सीट वर गेल्यावर हातांवरचा भार किती वाढतो आणि त्यासाठी हँडल आणखी किती उचलावे लागते, हे फेब्रुवारीत चालवून पाहीन आणि सकाळच्या मुठीच्या वेळेसह इथेच नोंदवीन. ज्यांनी हायब्रिडवर आखूड क्रँक बसवली आहे त्यांनी आपला अनुभव, विशेषतः मनगटांविषयीचा, जरूर कळवावा.