दोन आण्यांची हद्द

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत हद्द कायम मोजणी होती, म्हणजे जमिनीची हद्द मोजून नक्की करायची होती. अर्ज मुंबईला नोकरी करणाऱ्या पुतण्याचा, लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनीचे मालक, त्याचे सख्खे काका. दिवस डिसेंबरचे, कलमं मोहोरलेली. मी पोचले तेव्हा दोघंही गडग्याच्या, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाच्या, दोन बाजूंना उभे होते. माझी नोटीस काकांनी चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती.

"मशीन हिकडं आणायचं नाय," हेच त्यांचं पहिलं वाक्य.

अशा वेळी माझ्यासारख्या भूकरमापकाला, म्हणजे सरकारी मोजणीदाराला, कायद्याचा धाक घालता येतो. सुरुवातीच्या वर्षांत मी तो घातलाय. मोजणी होते, पण रोवलेली खूण दुसऱ्या दिवशी जागेवर नसते आणि भावकीत बोलणं बंद होतं ते वेगळंच.

"मशीन गाडीतच राहू दे, काका. आधी तुमची वहिवाट दाखवा."

ते पुढे, मी मागे. गडग्याचे चिरे त्यांच्या वडिलांनी डोक्यावरून वाहून आणलेले. पुतण्या मध्येच बोलायला लागला. "तुमचंही असंच पूर्ण ऐकणार आहे, आत्ता काकांचं चाललंय," एवढंच म्हटलं. एका कलमापाशी काका थांबले. खोडावर पंजा टेकवून म्हणाले, "ह्याला पाच वर्षं कळशीनं पाणी घातलंय."

मी ते जबाबात तसंच उतरवलं आणि वाचून दाखवलं.

"कळशीनं लिवलंत?"

"लिहिलंय."

मग पुतण्याचा जबाब घेतला. त्याच्या वडिलांच्या आजारपणात इकडची वाटणी कुणी बघितली नाही, हे तो सांगताना काका मान खाली घालून ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "लावा मशीन."

आंब्याच्या दाट सावलीत रोव्हरला, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राला, सिग्नल धड मिळत नाही, म्हणून ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) हे तिवईवरचं मोजणीयंत्र लावलं. रेघ गडग्यापासून चार फूट काकांच्या बाजूला आली. ते कलम पुतण्याकडे गेलं.

"बघा, मी म्हणतच होतो..."

"हे आत्ता नको," मी हळूच म्हटलं. तो गप्प बसला. त्याचं मला आजही कौतुक वाटतं. बरोबर ठरलेल्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं.

काकांना मी शेजारी बसवून जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या मापांचा कागद, उलगडलं. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे आणा दोन फुटांहून जरासा मोठा. त्यांचं बोट धरून आकडे दाखवले. गडगा दोन आणे सरकून बांधला गेला होता. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

"मला पटत नाय. सही करणार नाय."

"नका करू. मी तसं नोंदवते. निमताना मोजणीचा अर्ज करा, वरचे अधिकारी पुन्हा मोजतील. तो तुमचा हक्क आहे." कागदावर लिहूनही दिलं. माझं पेन चालेना, तेव्हा पुतण्याने आपलं पुढे केलं.

काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. सामान गाडीत ठेवून वळून बघते तर काका गडग्याचे सुटे चिरे उचलून माझ्या खुणेभोवती रचत होते.

"गुरं जातात हितनं," ते म्हणाले. "निमताना होईस्तोवर हलता नये."

पलीकडून पुतण्या एक चिरा घेऊन आला.