तुम्ही विचारलंत म्हणून : घरी बघितला की पिक्चर फिका का लागतो?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीवर येतो. "सगळे म्हणत होते भारी आहे, भारी आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर लावला. काय दम न्हाई बघा." आणि मागोमाग, जरा आवाज खाली आणून, "का आम्हालाच कळत नाही?"

कोल्हापुरात हा दुसरा प्रश्न जास्त टोचतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, जिथं १९२९ साली प्रभात कंपनी सुरू झाली, तिथल्या माणसाला आपल्याला सिनेमा कळत नाही हे पटणं अवघड आहे. तर सांगायचं एवढंच, की तुम्हाला कळतं. पण काल रात्री तुमच्या सोप्यात जे पोचलं ते करणाऱ्यानं पाठवलेलंच होतं का, हे आधी बघावं लागतं. रस्सा गार करून चाखायचा आणि आचाऱ्याला नावं ठेवायची, तसं व्हायला नको. तक्रार नेमक्या कोणत्या शब्दांत येते यावरून दोष कुठं आहे हे बऱ्यापैकी सांगता येतं.

"सिरियलसारखा वाटला", "सेट खोटा वाटत होता", "मेकअप दिसत होता" असं कुणी म्हणालं तर जवळपास नक्की समजा, की टीव्हीतलं मोशनचं सेटिंग चालू आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. त्या २४ चित्रांत हालचालीला जी किंचित पुसट झाक असते, तिलाच आपला डोळा 'सिनेमा' म्हणून ओळखतो. टीव्ही मात्र दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं नवी चित्रं तयार करून घालतो आणि हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत करतो. क्रिकेटला हे चांगलं, सिनेमाला विष. सॅमसंगमध्ये याला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. पिक्चर सेटिंगमध्ये आत कुठंतरी 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट'खाली ते सापडतं. पूर्ण बंद करा. बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा थोडे हिसके जाणवतील. ते मूळचेच आहेत, दहा मिनिटांत डोळा त्यांना सरावतो.

तिथं गेलाच आहात तर आणखी चार गोष्टी उरकून घ्या. पिक्चर मोड 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. व्हिविड हा दुकानातल्या झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीवर मात करायला ठेवलेला मोड आहे, घरी त्याचं काम नाही. कलर टेम्परेचर 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, पण सिनेमाचे रंग ठरवले जातात ते याच पांढऱ्याच्या अंदाजानं. बऱ्याच टीव्हींत शार्पनेस शून्याच्या जवळ आणावा लागतो, नाहीतर चेहऱ्याभोवती पांढरी कड येते. आणि वीजबचतीचा मोड बंद, कारण तो अंधाऱ्या प्रसंगात उजेड आणखी खाली ओढतो. एक घोळ लक्षात ठेवा : ही सेटिंगं बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटला वेगळी असतात. सेट-टॉप बॉक्सवर सगळं नीट केलंत आणि सिनेमा टीव्हीतल्या ॲपवर लावलात, तर तिथं जुनंच चालू असेल.

"काळोखच काळोख होता, काही दिसलंच नाही" या तक्रारीत निम्मा वाटा ट्यूबलाइटचा असतो. ट्यूब समोरच्या भिंतीवर असेल तर तिचं प्रतिबिंब थेट पडद्यावर बसतं. बंद करा. पण खोली ठार अंधारी केलीत तर दीड तासात डोळे चुरचुरतात. मधला मार्ग स्वस्त आहे. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक अगदी लहान वॅटचा 'कूल डेलाइट' एलईडी लावा. आपल्याकडे सर्रास मिळणारा हा बल्ब ६५०० केल्विनचा असतो आणि नावं उलटी वाटली तरी टीव्हीवर 'वॉर्म' ठेवलेल्या चित्राचा पांढरा रंगही जवळपास त्याच मापावर बेतलेला असतो, त्यामुळे रंग बिघडत नाहीत. बल्ब पडद्याच्या पुढे डोकावता कामा नये.

दुसरा वाटा टीव्हीच्या उंचीचा. शोकेसच्या वर, पोरांचा हात पोचू नये म्हणून पाच फुटांवर टांगलेला टीव्ही आणि खाली जाजमावर बसलेली माणसं, हे चित्र घरोघरी आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाचा डोळा अडीच फुटांवर असतो, सोफ्यावर बसलेल्याचा सव्वातीन-साडेतीन फुटांवर. बऱ्याच टीव्हींचं पॅनल व्हीए जातीचं असतं. समोरून त्याचा काळा रंग गडद, पण खालून किंवा बाजूनं बघितलं की तोच काळा राखाडी होतो. टीव्ही खाली आणणं शक्य नसेल तर झुकणारा ब्रॅकेट बसवा आणि पडदा माणसांकडे वाकवा.

आणि अंतर. ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघितला तर तो नजरेचा जेमतेम १८ अंशांचा तुकडा व्यापतो. सिनेमासाठी निदान ३० अंश हवेत असा जुना दंडक आहे. हिशेब सोपा : टीव्हीचे इंच गुणिले १.६, म्हणजे बसायचं अंतर इंचांत. ४३ इंचीला ६९ इंच, पावणेसहा फूट. ५५ इंचीला सव्वासात फूट. दूर बसलं की नटाच्या डोळ्यातली हालचाल दिसत नाही, मग 'अभिनयात जान नव्हती' असं वाटतं. मोठा टीव्ही घेण्याआधी खुर्ची पुढं ओढून बघा.

नेटचं थोडक्यात. एचडीला ५ एमबीपीएस आणि ४केला १५ सलग मिळाले तर पुरतात. प्लॅन शंभरचा असून चित्र फुटत असेल, अंधाऱ्या प्रसंगात चौकोन दिसत असतील, तर दोष बहुधा राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या भिंतींचा. एक लॅन केबल ओढली की प्रश्न मिटतो. वाय-फायच वापरायचं तर राउटर जवळ असताना ५ गिगाहर्ट्‌झ, दोन भिंती पलीकडं असताना २.४. पावसाळ्यात लाइट गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि सिनेमा मात्र अडकतो, कारण राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर नसतो. त्याला दहा-पंधरा वॅटच लागतात, तोही तिकडं जोडा.

आता आवाज. लोक चित्रावर खर्च करतात आणि घरातल्या निम्म्या तक्रारी आवाजाच्या असतात. "काय बोलतात कळत नाही, वाढवावा तर गाणं लागलं की शेजारी जागे." कारण असं : थिएटरमधला आवाज निदान सहा वाटांनी येतो आणि संवाद त्यातल्या मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरवर असतात. टीव्हीला मधला स्पीकरच नाही. जे दोन आहेत ते पातळ बॉडीमुळे खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. संवाद, पार्श्वसंगीत, दार आपटल्याचा आवाज सगळं त्याच दोघांत कोंबलं जातं आणि आधी भिंतीवर आपटून मग तुमच्याकडं येतं.

इलाज पैसे न घालता सुरू करा. ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय उघडा. '५.१' (म्हणजे थिएटरसारखा सहा वाटांचा आवाज) निवडलेलं असेल आणि त्याच भाषेचा साधा स्टिरिओ, म्हणजे दोन वाटांचा ट्रॅक असेल तर तो घ्या. टीव्हीच्या साउंड मेनूत 'सराउंड' बंद, 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचं जे असेल ते चालू. रात्री 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' लावा. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. दिवसा मात्र तो बंद ठेवा, कारण कुजबुज आणि स्फोट एकाच उंचीवर आले की प्रसंगातला ताण मरतो. मग खोली बघा. गुळगुळीत फरशी, चारही बाजूंनी रंगवलेल्या उघड्या भिंती, म्हणजे प्रत्येक शब्दाला शेपूट. टीव्ही आणि बसायची जागा यांच्यामध्ये जाड सतरंजी, आणि घरात घोंगडं असेल तर ते तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर. लोकरीचं घोंगडं आवाज शोषायला फार गुणी. पंखा एक घर कमी करा. जुलैत पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर मात्र हेडफोनशिवाय उपाय नाही, त्या रात्री हळू बोलणारा सिनेमा लावूच नका.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यायचाच तर मधल्या स्पीकरचा घ्या, आकडा ३.१ किंवा पुढचा (टिंबाआधी स्पीकर किती ते, टिंबानंतर दणक्याचा वेगळा स्पीकर). २.१चा बार दणका देतो, शब्द देत नाही. आणि तो ब्लूटूथनं जोडू नका. ब्लूटूथवर आवाज बहुधा एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो. आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे राहिला की कान ते पकडतो. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. बघणाऱ्याला हे नावानं सांगता येत नाही, तो म्हणतो, "डब केल्यासारखं बोलत होता, खोटं वाटत होतं." टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बारकडं पाठवणारी खाच) लिहिलंय तिथं केबल लावा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारा पर्याय, चालू करा. तरी फरक राहिला तर 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' दहा-दहानं हलवून बघा, ओठांवर 'प', 'ब', 'म' येतात तेव्हा जुळतंय का ते बघत.

"लई संथ आहे" ही सगळ्यात फसवी तक्रार. इथं यंत्राचा दोष नसतो, हातातल्या फोनचा असतो. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे : एका नटाचा तोच कोरा चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी दाखवला तर भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी दाखवला तर दुःखी. भाव चेहऱ्यात नव्हता, दोन चित्रांच्या जोडीत होता. आता उलटं करून बघा. मेसेज आला, तुम्ही चार सेकंद खाली बघितलंत, तेवढ्यात शवपेटी येऊन गेली. मान वर केली तर समोर नुसता चेहरा. तुम्ही म्हणणार, 'हा काय उगाच बघत बसलाय.' कथा कळण्यापुरतं कानावर पडत राहतं, त्यामुळे काही चुकलंय हे लक्षातही येत नाही. फोन उलटा ठेवून चालत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. पळवून, दीडपट वेगानं बघणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. विनोदातला थांबा आणि भीतीतला थांबा दोन्ही सेकंदांत मोजून ठेवलेले असतात.

थांबवण्याचंही गणित आहे. आपले सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले असतात. ऑनलाइन आवृत्तीत 'मध्यंतर' ही पाटी बहुधा काढलेली असते, पण साधारण निम्म्यावर एक जोराचा धक्का किंवा वळण येतं ते तिथंच असतं. भडंग, चहा, बाथरूम सगळं तिथं. परदेशी सिनेमाला अशी जागा नसते, तर तासाच्या आसपास एखादा प्रसंग पूर्ण संपू द्या आणि मग थांबवा. प्रसंगाच्या मध्ये थांबवून कुकरची शिट्टी बघून आलात तर दिग्दर्शकानं दहा मिनिटं चढवलेला ताण परत शून्यावर.

"हसूच आलं नाही" हे खरंही असू शकतं. पण एकट्यानं बघितला होतात का, हे आधी सांगा. हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. विनोदी सिनेमाला चार-पाच माणसं जमवा, आणि त्यात एक तरी मोकळं हसणारा हवा. भीतीचा आणि दुःखाचा मात्र एकट्यानं किंवा दोघांत. 'आता बघ हां, आता मागनं येतोय' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना विनोदीला बोलवा, रहस्याला नको.

जुन्या सिनेमांवरही नाहक अन्याय होतो. प्रभातच्या काळातलं चित्र ४:३, म्हणजे चौकोनाच्या जवळचं. १६:९च्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच, पडद्याची पाऊण रुंदीच भरणार. पट्टे नकोत म्हणून कुणी 'वाइड' दाबतं आणि सगळी माणसं बुटकी, जाडी होतात. 'झूम' दाबलं तर वरून फेटा आणि खालून पाय कापले जातात. 'ओरिजिनल' किंवा '४:३' ठेवा. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात तीही त्यांची चूक नाही. बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० चित्रांनी टिपलेलं २४नं चालवल्यावर चाल तशीच होणार.

एवढं सगळं करूनही सिनेमा रद्दी निघू शकतो, पुष्कळ निघतात. ते ठरवायला एक साधी परीक्षा आहे. नावं संपेपर्यंत कुणाचं मत वाचू नका. मग तीन ओळी लिहा : कोणता प्रसंग लक्षात राहिला, कुठं मन उडालं, आणि किती वेळा थांबवला. दुसऱ्या दिवशी जिथं मन उडालं ती दहा मिनिटं पुन्हा लावा, फोन बाहेर, ट्यूब बंद, खुर्ची पुढं. तिथं पुन्हा जांभई आली तर दोष पलीकडचा. मग खुशाल कट्ट्यावर बसून फाडा त्याला.