भेगेतला गुलाबी रंग

फोन आला तेव्हा मी फोंड्याहून निघालेल्या बसमध्ये होते आणि बस मेरशीला अडकली होती. "मॅडम, आमचं घर फुटलं. आजच्या आज या. भावंडं सगळी जमलीत, परत एकत्र मिळायची नाहीत." घर फुटलं म्हणजे काय, हे विचारण्यात अर्थ नसतो. लोक प्लास्टरचा पापुद्रा सुटला तरी घर फुटलं म्हणतात आणि खरोखर भिंत कलली तर "थोडी ओल आहे" म्हणतात. स्ट्रक्चरल तपासणीच्या धंद्यात मला अठरा वर्षं झाली. फोनवरच्या वर्णनावर विश्वास ठेवणं मी पहिल्या दोनांतच सोडलं.

घर पणजीत, मळ्यात. मे महिन्याची अखेर. स्मार्ट सिटीच्या यादीत पणजीचं नाव २०१६ साली आलं. पण खोदाई म्हणजे काय ते शहराला कळलं त्यानंतर काही वर्षांनी, सांडपाण्याच्या वाहिन्या, गटारं आणि केबली एकदम घालायला घेतल्या तेव्हा. गल्लीच्या तोंडाशी पत्रे लावलेले. आत पुरुषभर खोल चर, चरात दोन पंप धडधडतायत आणि कडेला फूटभर फळीवरून गल्लीतली मुलं पिशव्या डोक्यावर धरून जातायत. मीही तशीच गेले, पिशवी डोक्यावर.

त्या पंपांकडे मी जरा जास्त वेळ बघत राहिले, कारण मळ्यात प्रश्न नेहमी पाण्याचाच असतो. जागेचं नावच मळा. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. त्याआधी इथे काय असणार, ते नावच सांगतं. एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला ओरेमची खाडी आणि मध्ये ही खोलगट वस्ती. टेकडीचं पाणी फोंत फेनिक्सच्या झरीतून बाहेर येतं. जे बाहेर येत नाही ते जमिनीखाली असतंच. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळेला आली की मळ्याच्या रस्त्यांवर पाणी चढतं. अशा जमिनीत चर खणला की पाणी उपसावंच लागतं, आणि पाण्याबरोबर बारीक मातीही जाते. माती गेली की शेजारचा पाया बसतो. म्हणून घरच्या लोकांनी रस्त्याला दोष दिला, यात मला नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर आत शिरण्याआधीच माझ्या मनात अहवालाचा अर्धा मजकूर तयार होता.

काकी दारातच बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, काठपदराचं लुगडं, कानात कुडी. "आयलें गो बाय? पयलीं चाय घे." मागे थोरला मुलगा, पर्वरीच्या फ्लॅटमधून आलेला, त्याची बायको, पुण्याहून आलेला धाकटा आणि म्हापशाला दिलेली मुलगी. पुढच्या खोलीत शिंपी. तो त्या घराचा जुना भाडेकरू. १९६८ च्या भाडे कायद्याच्या छत्राखाली इतकी वर्षं तिथेच, भाडं अजून तीन आकड्यांत गेलेलं नाही. मशीन थांबवून तोही दाराआडून ऐकत होता.

सगळी का जमली होती ते चहाच्या दुसऱ्या घोटाला कळलं. गल्लीतली तीन घरं गेल्या चारेक वर्षांत बदलली होती. एकात कॅफे, दोनांत पर्यटकांच्या खोल्या. हे घरही भाड्याने मागायला एक माणूस आला होता, पंधरा वर्षांच्या कराराने. गोव्यात असल्या कागदावर एकट्याची सही चालत नाही. बापाच्या मागे मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि ज्याचं-ज्याचं लग्न झालंय त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. काकींचा तर अर्धा वाटा स्वतःचाच. म्हणजे सात सह्या. त्यात मध्येच ही भेग निघाली. थोरल्याचा हिशेब सरळ होता: घर धोकादायक आहे असा इंजिनियरचा कागद मिळाला की ठेकेदाराकडून भरपाई, शिंप्याला खोली सोडायची नोटीस, आणि आई आपोआप पर्वरीला. त्याने हे असं बोलून दाखवलं नाही. "तुम्ही फक्त आहे ते लिहा मॅडम," एवढंच म्हणाला, पण तीन वेळा म्हणाला.

भेग मधल्या खोलीत होती, गल्लीच्या बाजूच्या भिंतीला. दीड-दोन फूट जाड चिऱ्याची भिंत, चिरे मातीत बसवलेले, वर चुन्याचा गिलावा. तुळईच्या टोकाखालून सुरू होऊन ती खाली जमिनीपासून हातभर अंतरापर्यंत आलेली. मधे करंगळी जाईल इतकी रुंद. पाहिल्यावर कोणाच्याही पोटात गोळा यावा अशी. मी शिडी मागवली, टॉर्च आणि भिंग काढलं.

नव्या भेगेच्या कडा धारदार असतात, आतला चिरा ताज्या लाल रंगाचा, बोट फिरवलं की पूड लागते. जुन्या भेगेत धूळ असते, कोळिष्टकं असतात, कधी मुंग्यांचं घर. इथे कोळिष्टक होतं. आणि त्याच्या मागे, भेगेच्या आतल्या ओठावर, गुलाबी रंग होता.

रंग भेगेत ओघळायचा तर रंग लावताना भेग तिथे असली पाहिजे. मी गिलाव्याची एक सुटी खपली काढून तिची कड भिंगाखाली धरली. खालून वर थर मोजले: निळसर पांढरा, हिरवा, गुलाबी, पिवळा, आणि वर आत्ताचा मोतिया. निळसर आणि हिरवा थर भेगेशी सरळ तुटले होते. गुलाबी, पिवळा आणि मोतिया आत वळले होते. म्हणजे हिरव्या रंगानंतर आणि गुलाबीच्या आधी केव्हातरी भिंत तडकली होती.

"हिरवा रंग कधी दिला होता?" मी शिडीवरूनच विचारलं. कोणालाच आठवेना. मुलगी म्हणाली, मी शाळेत होते. थोरल्याने खांदे उडवले. तेव्हा काकी आत आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहून सांगायला लागल्या. निळसर म्हणजे चुन्यात नीळ घातलेला, त्या लग्न होऊन घरात आल्या त्याच्याही आधीचा. त्यांचे सासरे दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, स्वतः कुंचा घेऊन बसायचे. हिरवा दिला त्या वर्षी मांडवीवरचा पूल पडला. सगळे पैपाहुणे होडीने आणि फेरीने आले, म्हणून लक्षात आहे. म्हणजे १९८६. गुलाबी थोरल्याच्या लग्नानंतरच्या चवथीचा, नव्या सुनेने रंग निवडला होता. सून हसली. लग्न १९९६ चं.

मी तेव्हा खाली उतरले. दहा वर्षांचा टप्पा मिळाला, आणि त्या दहा वर्षांत घरात काय झालं असेल त्याचा अंदाज वर बघितल्यावर येत होता. मधली खोली तिच्या शेजारणींपेक्षा दुप्पट मोठी होती. छताला मत्तीच्या लाकडाची एक लांब तुळई आडवी गेली होती. तिच्या रेषेत खाली जमिनीवर कोब्याचा रंग बदललेला. तिथे कधीतरी भिंत होती. भिंत काढून तुळई टाकली, आणि तिचं टोक ठेवलं सरळ मातीच्या बांधकामावर. खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा नाही. वासे, रिपा, कौलं, सगळ्याचा भार वीतभर जागेवर. भिंत तडकणारच.

"ही भिंत कोणी काढली?"

पुढच्या खोलीतून शिंपी म्हणाला, "लग्नाआधी काढली. माझ्या ब्लाऊजपिसांवर चार दिवस लाल धूळ." घर धोकादायक न ठरण्यात त्याचा फायदा होता, म्हणून मी त्याच्याकडे जरा सावधपणे पाहिलं. थोरला लगेच म्हणाला, बाबांचं काम असणार, बाबांना घरात फोडाफोडीची हौस होती. वडील वारून अकरा वर्षं झालेली, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं.

काकी पदर सारखा करत होत्या. "ती वणत हांवेंच काडूंक लायल्ली," त्या म्हणाल्या. ती भिंत मीच काढायला लावली. मग कोणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, की घर वाढणार, सुना येणार, नातवंडं येणार आणि चवथीला सगळी एका खोलीत देवासमोर बसली पाहिजेत, म्हणून त्यांनी नवऱ्यामागे धोशा लावला होता. नवरा नको म्हणत होता. मेस्त्रीसुद्धा नको म्हणत होता.

खोलीत काही वेळ फक्त बाहेरच्या पंपांचा आवाज होता. मग धाकटा म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस." त्यावर त्या म्हणाल्या, कोणी विचारलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर माझं काम सोपं होतं. पण भेगेचं वरचं टोक अजून नीट पाहायचं राहिलं होतं. पुन्हा चढले. तुळईच्या वर, छताकडे जाताना, शेवटची साधारण वीतभर भेग वेगळी होती. केसासारखी बारीक, कडा धारदार, आत ताजी लाल पूड, मोतिया रंगसुद्धा सरळ तुटलेला. ही नवी होती. भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही चराच्या समोर तशाच दोन बारीक रेघा. जुन्या दुखण्याला ब्रेकरच्या हादऱ्यांनी आणि पाण्याच्या उपशाने पुढे ढकललं होतं.

तेवढ्यात ठेकेदाराचा इंजिनियर येऊन पोचला. पोरगेला, हेल्मेट काखेत. दारातूनच म्हणाला, "जुनी भेग आहे ना मॅडम? मी पहिल्याच दिवशी फोटो काढलेत." फोटो दाखव म्हटल्यावर दाखवला. मोबाईलवर भिंतीचा बाहेरून काढलेला एक अंधुक फोटो, ज्यात पर्यटकांसाठी लावलेली 'खाजगी घर, फोटो काढू नये' ही पाटी तेवढी स्पष्ट दिसत होती. काम सुरू करण्याआधी शेजारच्या जुन्या घरांची आतून पाहणी करून नोंद करायची असते. ती केली असती तर मला शिडी चढावी लागली नसती. मी हे त्याला बोलले, जरा जास्तच बोलले. तो बिचारा सहा महिन्यांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला.

आता दोन माणसं माझ्या दोन बाजूंना उभी. एकाला अहवालात 'नवी' हवं, दुसऱ्याला 'जुनी'. मी दोन्ही लिहिणार म्हटल्यावर दोघेही एकदमच नाराज झाले. थोरला मला बाहेर गल्लीत घेऊन गेला आणि म्हणाला, जुन्या भेगेचं वाक्य गाळता येईल का. खोटं लिहा असं म्हणत नाही, फक्त गाळा. मला त्याचा राग आला नाही. रोज पर्वरीहून पूल ओलांडून आईचं औषध पोचवणारा माणूस होता तो, आणि मे महिन्यापासून ती फूटभर फळी ओलांडून. त्या चरात आई पडली तर, हे भय त्याच्या तोंडावर होतं. पण भिंत वाईट म्हणून घर वाईट, असं लिहिता येत नाही. तुळईखाली दोन लोखंडी टेकू लावायचे, पावसाळ्यानंतर टोकाखाली ठोकळा बसवायचा, भेग चुन्यानेच भरायची. सिमेंटने नाही, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. एवढ्यावर ते घर अजून माझ्या मुलीच्या मुलांना पुरेल.

त्याच संध्याकाळी टेकू लावून घेतले. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चुना-सिमेंटच्या ठिपक्यांनी चिकटवल्या, तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकते. साधी पद्धत आहे, आता यंत्रं मिळतात, पण काच तडकलेली घरच्यांना वाचता येते. निघताना काकी टेकूंकडे बघत होत्या. देव नेमका तिथेच बसतो, त्यांनी सांगितलं, आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, तीही त्याच तुळईला बांधतात. मी म्हटलं, बांधा, पण हलकी. कांगलां, तोरिंगां, सुपारीचे कातरे, काय ते बांधा. नारळांचा घोस यंदा नको.

"नाल्लांबगर माटोळी कसली गो?"

मी कागदावर किलोचा आकडा लिहून दिला आणि तो कागद थोरल्याच्या हातात दिला.

अहवाल गेला. भरपाई काही मिळाली, मागितली होती तितकी नाही. माझी फी धाकट्याने पुण्याहून भरली, थोरल्याने भरली नाही. कराराचा माणूस दुसऱ्या गल्लीत गेला, असं शिंप्याकडून कळलं. त्याच्याकडे मी तेव्हापासून ब्लाऊज टाकते.

पावसात दोनदा जाऊन काचा पाहिल्या, शाबूत होत्या. चर तोवर बुजला होता, वर नवे पेव्हर बसले होते आणि कॅफेवाल्यांनी त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्यांदा गेले ती चवथीच्या दुसऱ्या दिवशी. खोलीत अठरा-वीस माणसं, दोन लोखंडी टेकूंना आंब्याचे टाळे बांधलेले. वर बघितलं तर माटोळीच्या मधोमध नारळांचा घोस, सात-आठ नारळांचा तरी, भला दांडगा. थोरला शेजारी उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कागद हरवला मॅडम."

मी वाकून काचा पाहिल्या. खालच्या दोन ठीक होत्या. वरची, तुळईजवळची, मधोमध तडकली होती. घोसाने, की पावसाने, की रस्त्यावरून पुन्हा जायला लागलेल्या टँकरने, ते काचेवरून सांगता येत नाही. मी तारीख लिहून घेतली, तिच्या शेजारी नवी पट्टी चिकटवली, आणि काकींनी हातात दिलेली नेवरी खात खाली बसले.