आवाजाने गार कसं होतं? तुम्ही विचारलंत म्हणून...

मी पॉलिटेक्निकला शिकवते, आणि प्रोजेक्ट प्रदर्शनात आमची आवाजाने गार करणारी नळी बघून दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आवाजावर कधी फ्रीज चालतो का? आणि चालला तर घरात कान फुटतील की!" तिथे गर्दीत अर्धवटच सांगून होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं ना, आवाजातही तेच चालू असतं, हवा दबली की किंचित तापते, सैल झाली की किंचित निवते. आपल्या बोलण्यात हा फरक डिग्रीच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि जितकं तापलं तितकंच निवलं, म्हणजे हाती शून्य. म्हणून मध्ये काहीतरी घालावं लागतं.

आमची नळी वीतभर, 23 सेंटीमीटर, एक टोक बंद, दुसऱ्याला स्पीकर. आत कॅमेऱ्याची जुनी फिल्म, तिच्यावर गळाची बारीक नायलॉन दोरी आडवी चिकटवत जायची आणि मग सुरळी करायची, म्हणजे प्रत्येक वेढ्यात दोरीएवढी फट राहते. त्या फटीतली हवा बंद टोकाकडे सरकते, दबते, तापते, उष्णता फिल्मला देते, परत फिरते, सैल होते, गार होते आणि फिल्मकडून उष्णता उचलते. एका झोक्यात उष्णता अगदी जराशीच सरकते, पण शेजारची हवा ती तिथून पुढे नेते. स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग बघा, माणसं जागच्या जागी आणि काँक्रीट मात्र वर पोचलेलं, तसंच, फक्त सेकंदाला पावणेचारशे वेळा.

मुलं फ्रिक्वेन्सीचं बटण हळूहळू फिरवत असतात, मग एका जागी आवाज एकदम भरून येतो, आणि थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर, फिल्मच्या स्पीकरकडच्या टोकाचा आकडा उतरायला लागतो. दर वर्षी बघते, तरी तेव्हा मला तिथून हलवत नाही.

आता कानाचं. मोठ्या यंत्रात दाबाखालचा हेलियम जाड धातूच्या भांड्यात बंद असतो, आत 170 डेसिबलच्या वर आवाज असला तरी तो बाहेर फारसा येत नाही. 1992 मध्ये डिस्कव्हरी यानातून असा छोटा फ्रीज अवकाशात गेला, आणि 2004 मध्ये अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टीव्हन गॅरेट यांच्या टीमने बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीसाठी आइस्क्रीमचा फ्रीझर करून दाखवला.

घरात का नाही, तर कॉम्प्रेसर स्वस्त आहे आणि तेवढ्याच विजेत जास्त गार करतो, हे मान्य करायलाच हवं. पण कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये वापरला जाणारा आर-134ए सारखा गॅस लीक झाला तर तो किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 1400 पट तापवतो, हेलियम सुटला तर तसं काहीच होत नाही, म्हणून मला हा विषय सोडवत नाही.

आणि हो, घरी जुने फिल्म रोल पडले असतील तर टाकू नका, मला सांगा, हल्ली स्टुडिओतही मिळत नाहीत.