देवराईतली म्हातारी झाडं आणि सेंद्रिय कर्ब

माती परीक्षणाच्या कामामुळे गावोगावी बोलायला जाणं होतं. बोलून झालं, चहा आला की एक प्रश्न ठरलेला: "जुनी झाडं कार्बन शोषत नाहीत म्हणे. मग देवराईतली म्हातारी झाडं काढून नवी लावली तर फायदाच ना?" परवा कोकणात एका सरपंचांनी तोच विचारला. राईतल्या देवळाचा जीर्णोद्धार निघालेला होता, तेव्हा प्रश्न काही अगदीच निरागस नव्हता.

ही समजूत हवेतून आलेली नाही. 1969 साली अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ युजीन ओडम यांनी मांडलं होतं की पिकलेलं जंगल जेवढं कमावतं तेवढंच श्वसनात घालवतं, शिल्लक काही उरत नाही. पुढे मोजमापं झाली तेव्हा शेकडो वर्षांची जंगलंही कार्बन साठवताना दिसली. पण पाठ्यपुस्तकातलं लवकर पुसलं जात नाही. शिवाय हा हिशोब करताना सगळे वर फांद्यांकडे बघतात, खाली कोणी बघत नाही.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात डिंगहूशान नावाचं राखीव जंगल आहे. त्यातला जुना भाग चारशेहून अधिक वर्षांचा, मठातल्या भिक्षूंनी राखलेला. तिथली देवराईच म्हणा ना. तिथल्या मातीच्या वरच्या 20 सेंटीमीटर थरात 1979 साली सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पानं-मुळं-जिवांमधून मातीत आलेला कार्बन, सुमारे 1.4 टक्के होता, 2003 पर्यंत तो 2.35 टक्क्यांवर गेला. हेक्टरी वर्षाला सरासरी 0.61 टनांची भर. शेताच्या माती परीक्षण अहवालात कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली आला की 'कमी' असा शेरा पडतो, तो ज्यांनी वाचलाय त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. मात्र सगळं श्रेय वयाला देऊ नका. त्या भागात प्रदूषित हवेतून नायट्रोजनची संयुगं मातीवर भरपूर पडतात, आणि याच जंगलात मुद्दाम नायट्रोजन टाकून पाहिला तेव्हा मातीचं श्वसन, म्हणजे मुळं आणि सूक्ष्मजीव मातीतून सोडतात तो कार्बन डायऑक्साइड, मंदावलं होतं. साठा वाढण्यात प्रदूषणाचाही हात असू शकतो.

आपल्या राईत खड्डा घेतलात तर वर कोरडा पाचोळा लागतो. त्याखाली ओली, काळपट पानं, कित्येकांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकींना चिकटलेल्या. मग जांभ्याची तांबडी माती. कर्ब दीर्घकाळ टिकतो तो मुख्यतः या तांबड्या मातीत. सूक्ष्मजीव पाचोळा खातात, मरतात, त्यांचे अवशेष चिकणमातीच्या आणि लोहाच्या कणांना बिलगतात, बारीक ढेकळांच्या पोटात अडकून राहतात. जेसीबी फिरला की ढेकळं फुटतात, हवा शिरते आणि पिढ्यांची पुंजी काही वर्षांत उडू लागते. रोपं लावाल हो, पण ती पुंजी पुन्हा जमायला पिढ्याच लागतील.

यावर सरपंचांचा पुढचा प्रश्न: "हवामान तापतंय, मग कर्ब तसाही उडणारच की?" प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून जमिनीत तारा पुरून माती 5 अंशांनी जास्त गरम ठेवली आहे. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटीमीटरमधला 17 टक्के कर्ब गेला. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरच्या उष्ण जंगलात 4 अंशांनी तापवल्यावर दोनच वर्षांत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड 55 टक्क्यांनी वाढला. जुन्या जंगलाला यातून सूट नाही. पण म्हणून वरची सावली काढायची? भर मे महिन्यात राईतल्या मातीवर हात ठेवा, मग बाहेरच्या कातळावर ठेवून बघा. छत गेलं की हवामान तापायची वाट बघावी लागत नाही, माती त्याच उन्हाळ्यात तापते.

सभामंडप राईबाहेरच्या पडीक जागेत बांधा, नवी रोपंही तिथेच लावा, असं त्यांना सांगितलं. ते 'बघू' म्हणाले. राईत कर्ब किती हे मोजून हवं असेल तर नमुने जरूर पाठवा. फक्त पाचोळा बाजूला सारून, खोली लिहून, आणि ठरावीक मापाच्या नळीने काढलेले. राईची माती भुसभुशीत, वजनाला हलकी. तिची घनता न मोजता नुसत्या टक्क्यांवरून हेक्टरी टन काढले तर आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा पहिल्याच हरकतीत उडवला जातो.