रिटर्न फॉल्स झालं, तरी बिल कमीच

पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेतल्या एका जुन्या प्रोजेक्टचं काम माझ्याकडे आलं तेव्हा एक तक्रार आधीपासून पडून होती. "सवलत लागू नाही" असा मेसेज येऊनही काही ग्राहकांचं बिल कमी निघत होतं. सवलतीच्या फंक्शनला ऑर्डरचा ॲरे (वस्तूंची यादी) रेफरन्सने जायचा, म्हणजे कॉपी नाही, मूळ ॲरेच. लूपमध्ये एकेका वस्तूची किंमत उतरायची आणि सवलतीत न बसणारी वस्तू आली की तिथेच रिटर्न फॉल्स, म्हणजे "नाही" असं उत्तर देऊन फंक्शन संपायचं.

फॉल्स आलं म्हणजे ऑर्डर जशीच्या तशी राहिली, असं टीममध्ये सगळे धरून चालले होते. म्हणून मी आधी छोटी स्क्रिप्ट लिहिली. व्हेरिएबलमध्ये १, ते रेफरन्सने फंक्शनला, आत त्याला ५ दिले आणि लगेच रिकामा रिटर्न. बाहेर एको करून छापलं तर ५! पीएचपीत फंक्शन संपताना काही परत कॉपी होत नाही. आतलं आणि बाहेरचं नाव एकाच व्हॅल्यूला बांधलेलं असतं. असाइनमेंट झाली, म्हणजे आत नवी व्हॅल्यू दिली, की बाहेरचंही तेव्हाच बदलतं. चारपैकी तिसऱ्या वस्तूवर रिटर्न झाला, तर पहिल्या दोन स्वस्त झालेल्याच राहतात.

सगळे रिटर्न काढून शेवटी एकच ठेवावा, अशी सूचना आली. मला ती पटली नाही. त्याने इफच्या आत इफ वाढतात, आणि अर्धवट बदललेला ॲरे अर्धवटच राहतो. लवकर रिटर्न चांगलाच, फक्त तो पहिल्या बदलाच्या आधी हवा. म्हणून वस्तूंच्या तपासण्या मी वर नेल्या. सवलतीनंतरची रक्कम किमान मर्यादेखाली जाते का, हे मात्र हिशोब केल्याशिवाय कळत नाही. तिथे फंक्शनच्या आतल्या लोकल कॉपीवर काम केलं आणि सगळं जमलं तरच शेवटच्या ओळीत ती मूळ ऑर्डरला असाइन केली. नुसत्या असाइनमेंटने ॲरे मेमरीत दुप्पट होत नाही. पीएचपी खरी कॉपी पहिला बदल होईपर्यंत लांबवतं.

तरीही किमान मर्यादेची टेस्ट फेल! बाकी किमती शाबूत, फक्त शेवटच्या वस्तूची उतरलेली. यात माझा बराच वेळ गेला. कारण फंक्शनच्या बाहेर निघालं: कॉल करणाऱ्या कोडमध्ये आधीच एक फोरीच (यादीतल्या एकेका घटकावरून फिरणारा लूप) होता, ॲम्परसँड (&, रेफरन्सची खूण) लावलेला. तो लूप संपला तरी त्याचं व्हेरिएबल शेवटच्या वस्तूला धरूनच असतं, आणि असा रेफरन्स असलेला घटक ॲरेची कॉपी केली तरी दोन्हीकडे सामाईक राहतो. लूपखाली त्या व्हेरिएबलला अनसेट केलं, म्हणजे त्याची वस्तूशी गाठ सोडली, आणि टेस्ट पास झाली.

आता रिव्ह्यूत फोरीचमध्ये ॲम्परसँड दिसला, की खाली अनसेट आहे का हे मी आधी बघतो. नवीन कोडमध्ये तर रेफरन्स घेतच नाही; फंक्शन नवी ऑर्डर परत करतं, नाही जमलं तर नल, म्हणजे काहीच नाही.